बी. बी. किंग यांच्या गिटारीतला गंधार

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतावर आलेला लेख वाचला. मराठी दैनिकाने या विषयाला एवढी जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. तरीही एक तक्रार आहे, आणि ती त्या एका लेखापुरती नाही. बी. बी. किंग या ब्लूजच्या थोर गायक-गिटारवादकाबद्दल आपल्याकडे काहीही छापून आले, की मजकूर ठरलेल्या वळणानेच जातो. मिसिसिपीतली कापसाची शेते, गरिबी, वर्णद्वेष, मग १९४९ साली आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी नाचघराला लागलेली आग, जळत्या इमारतीत परत शिरून त्यांनी बाहेर काढलेली गिटार आणि पुढे आपल्या प्रत्येक गिटारीला त्यांनी दिलेले ‘ल्युसिल’ हे नाव. हे सगळे खरे आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे या माणसाने इतके सोसले म्हणून त्याची गिटार इतकी आर्त वाजते, हा मात्र पटत नाही. त्या मुलखात तेवढेच सोसलेली हजारो माणसे होती आणि त्यांतल्या कित्येकांच्या हातात गिटार होती. कुमार गंधर्वांबद्दल लिहिताना आपण त्यांच्या आजारपणाचा उल्लेख करतो, पण तिथेच थांबत नाही. त्यांच्या स्वरलगावाबद्दल बोलतो, बंदिशींबद्दल बोलतो. तोच न्याय किंग यांना का नको? त्यांच्या वादनातली आर्तता त्यांनी घडवलेली आहे, आणि ती नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येते.

सुरुवात ते कुठून शिकले इथून करावी लागेल. १६ सप्टेंबर १९२५ रोजी मिसिसिपी राज्यात इट्टा बेनाजवळ जन्मलेल्या रायली किंग यांना गिटारीवरचे पहिले कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) चर्चमधले धर्मोपदेशक आर्ची फेअर यांच्याकडून मिळाले. आईकडून नात्यात असलेले बुका व्हाइट हे त्या काळातले नावाजलेले स्लाइड वादक. बोटात नळी घालून ती तारेवरून सरकवत ते सूर काढत. किंग यांना ते तंत्र काही साधले नाही. नळीविना, नुसत्या बोटाने तसा कंप निघतो का, हे ते शोधत राहिले आणि त्यातून त्यांचा प्रसिद्ध व्हायब्रेटो तयार झाला. हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. टी-बोन वॉकर, लॉनी जॉन्सन, चार्ली ख्रिश्चन आणि युरोपातले जँगो राइनहार्ट या गिटारवादकांच्या रेकॉर्डी ते कान देऊन ऐकत. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए रेडिओवर तबकड्या लावण्याचे काम त्यांनी केले आणि ‘बी. बी.’ हे नावही तिथेच रूढ झाले. १९५६ या एका वर्षात त्यांनी ३४२ कार्यक्रम केले. इतक्या मेहनतीवर उभ्या असलेल्या कलेला ‘आतून आपोआप आलेली’ म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

आता प्रत्यक्ष हाताकडे वळू. गिटार शिकणारे ज्याला ‘बी. बी. बॉक्स’ म्हणतात ती चार-पाच स्वरांची छोटीशी जागा समजून घेतली, तर किंग यांचे निम्मे रहस्य कळते. षड्ज ‘ए’ धरा, म्हणजे आपली पांढरी सहा. दुसऱ्या तारेच्या (सर्वांत बारीक ती पहिली) १० व्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पडद्यावर, तर्जनी ठेवली की हा सा मिळतो, ४४० हर्ट्झचा. त्याच तारेवर १२ व्या फ्रेटवर रे. पहिल्या तारेवर १० व्या फ्रेटवर म आणि १२ व्या फ्रेटवर प. तिसऱ्या तारेवर ११ व्या फ्रेटवर खालचा ध. झाला बॉक्स. यात एक मोठी उणीव लगेच डोळ्यांत भरते. गंधार कुठेच नाही! ज्या स्वरावर ब्लूजचा सगळा जीव, तोच स्वर या जागेत कोणत्याही फ्रेटवर तयार सापडत नाही. तो दर वेळी रिषभावरून तार ओढून घडवावा लागतो.

मोठेपण नेमके इथे आहे. १२ व्या फ्रेटवरचा रे सुमारे ४९४ हर्ट्झचा. तार अर्धा स्वर ओढली की कोमल गंधार, सुमारे ५२३. पूर्ण स्वर ओढली की शुद्ध गंधार, सुमारे ५५४. या दोहोंच्या मधली सगळी जागा वादकाची. पियानोवर ती नाही, पेटीवरही नाही. किंग त्या मधल्या पट्ट्यात कुठे थांबतात, किती वेळ थांबतात, तिथून वर जातात की खाली उतरतात, यावर ओळीचा भाव ठरतो. आपल्या रसिकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. दरबारीतला आंदोलित गंधार ज्याने कान देऊन ऐकला आहे त्याला श्रुतीचा फरक म्हणजे काय ते ठाऊक आहे. सतारीवरही मींड अशीच, पडद्यावर तार आडवी ओढून काढतात. फरक इतकाच, की सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वर निघतात आणि गिटारीची मान अरुंद असल्याने तिथे एक-दीड स्वरातच सगळे साधावे लागते. (किंग पंचमावरूनही तार ओढत, वरच्या धैवतापर्यंत आणि क्वचित कोमल निषादापर्यंत.)

आणि ही ओढ मनाला येईल तशी नसते. खाली वाजणारा कॉर्ड ती ठरवतो. ए सेव्हन, म्हणजे षड्जाचा कॉर्ड, वाजत असताना त्यात शुद्ध गंधार आहे, म्हणून तिथे ओढ पूर्ण स्वराकडे झुकते. बँड डी सेव्हनवर गेला की त्या कॉर्डमध्ये कोमल गंधार आहे, म्हणून ओढ अर्ध्या स्वरावर रोखायची. ई सेव्हन आला की रिषभ त्या कॉर्डचाच स्वर आहे, ओढायची गरजच नाही, नुसता धरून ठेवला तरी शोभतो. एकच फ्रेट, एकच बोट, पण खालची जमीन बदलली की तोच सूर आधी हट्टाचा, मग कळवळ्याचा, मग शांत वाटतो. ऐकणाऱ्याला यातले काही माहीत नसते. त्याला फक्त काळजात हलल्यासारखे होते.

तार पूर्ण स्वर वर न्यायची म्हणजे तिच्यावरचा ताण सुमारे सव्वा पट करायचा. दीड स्वर वर न्यायची तर जवळजवळ १.४ पट. हे बळ एका बोटाच्या टोकाने लावता येत नाही. अनामिका १२ व्या फ्रेटवर, तिच्या मागे मधले बोट आणि तर्जनी त्याच तारेवर आधाराला, अंगठा मानेच्या वरच्या कडेवर घट्ट, आणि जोर बोटांचा नव्हे तर मनगट फिरवण्याचा. नवशिक्यांच्या बहुतेक ओढी (‘बेंड’) कमी पडतात, कारण शेवटच्या टप्प्यात तार सर्वांत जास्त विरोध करते आणि नेमके तिथेच हात सोडून दिला जातो. कमी पडलेला बेंड आर्त वाटत नाही, बेसूर वाटतो. उपाय सोपा आहे. आधी १४ व्या फ्रेटवर शुद्ध गंधार साधा वाजवा, तो गुणगुणा, मग १२ व्या फ्रेटवरून तार ओढून तोच सूर गाठा. मोबाइलवरचा ट्यूनर समोर ठेवा, पण डोळे मिटून ओढा आणि सूर लागल्यावरच उघडा. तार ओढताना शेजारची तिसरी तार बोटाखाली सापडते आणि सोडताना ती खणकते. तिला तर्जनीच्या टोकाने आणि उजव्या तळव्याच्या कडेने दाबून ठेवावे लागते. हा खणखणाट ध्वनिमुद्रणात फार बोचतो.

व्हायब्रेटोला मात्र सगळे उलटे. किंग यांचा हात चलचित्रात नीट पाहा. तर्जनी तारेवर रोवलेली, बाकीची बोटे मोकळी पसरलेली, आणि अंगठा मानेवरून चक्क सुटलेला. कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट त्या एका बोटाभोवती फिरते. हात मानेला धरून ठेवत नाही, त्यामुळे कंप जलद, एकसारखा आणि अरुंद येतो. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. न ओढलेल्या सुरावर असा कंप दिला की सूर मूळ जागेच्या वर जातो आणि परत मूळ जागी येतो, खाली कधीच जात नाही. ओढलेल्या सुरावर कंप दिला तर उलट, तो वरून थोडा खाली येऊन परत वर चढतो. म्हणून आधी बेंड सुरात हवा, नाहीतर कंप सुरू झाल्यावर कानाला आधारच मिळत नाही. आणि किंग पुष्कळदा सूर लावल्याबरोबर हलवत नाहीत. आधी सरळ उभा करतात, क्षणभर थांबतात, मग हलवतात. गवई आकार लावताना हेच करतो. त्यांच्या गिटारीला लोक ‘गाणारी’ म्हणतात त्यामागे हे शारीरिक कारण आहे. शिवाय वर सांगितलेला बॉक्स साधारण ३७० ते ६६० हर्ट्झमध्ये बसतो, आणि त्याच टापूत माणसाचा चढा आवाज लागतो.

सरावासाठी मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून एका ठोक्यात तीन हेलकावे, मग चार. अंगठा सुटला की पहिले काही दिवस गिटार हातातून निसटेल असे वाटते. पट्टा लावून उभे राहून वाजवले की ती भीती जाते. आणि कंप डळमळला की समजावे, मनगटाऐवजी बोटाचे पेर हलते आहे.

आता शांततेबद्दल, जिच्याकडे आपल्याकडचे वादक सर्वांत कमी लक्ष देतात. बारा मात्रांचे नव्हे, बारा बारचे आवर्तन, एक बार म्हणजे चार ठोके. त्यात चार-चार बारच्या तीन ओळी. पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीत गायन साधारण दोन बार घेते आणि उरलेले दोन बार वाद्याचे. संथ ब्लूज ६० च्या लयीत धरला तर एक बार चार सेकंदांचा, म्हणजे गिटारीच्या वाट्याला आठ सेकंद. किंग या आठ सेकंदांत अनेकदा चार-पाचच सूर वाजवतात, आणि त्यांतला पहिला लगेच येत नाही. गाण्याची ओळ संपते, ठोका जातो, ऐकणारा वाट पाहू लागतो, मग तो एक सूर येतो. किंग गाताना गिटार वाजवत नसत आणि वाजवताना गात नसत. सारंगी गवयाच्या मागोमाग सावलीसारखी जाते, तसे इथे नाही. इथे गिटार वेगळी व्यक्ती आहे. ती ऐकून घेते आणि मग बोलते. चर्चमध्ये उपदेशकाची हाक आणि मंडळींचा प्रतिसाद ऐकत वाढलेल्या माणसाला ही रीत कुठून मिळाली असेल हे सांगायला नको. आपल्या कीर्तनात बुवा आणि टाळकरी यांच्यात चालते ते ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ती लगेच ओळखीची वाटेल.

ज्यांना हे एका ठिकाणी ऐकायचे आहे त्यांनी शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ध्वनिमुद्रित झालेली मैफल ऐकावी. ‘लाइव्ह अॅट द रीगल’ या नावाने ती उपलब्ध आहे. त्यात ‘हाऊ ब्लू कॅन यू गेट’ या गाण्यात एक जागा अशी आहे, की बँड एक ठोका देऊन थांबतो, किंग बाईला आपण काय काय दिले आणि तिने त्याची कशी किंमत केली ते एकेक सांगत जातात, आणि प्रत्येक ओळीनंतर सभागृह ओरडून उठते. लोक तिथे रडत नाहीत, हसतात, दाद देतात. ब्लूज म्हणजे नुसते रडगाणे, ही समजूत या एका जागेने मोडून पडते. त्याआधीची गिटारही ऐका. एखादा सूर जोरात, पुढचे दोन अगदी हलके. आवाजाची ही चढउतार प्लेक्ट्रमच्या (तार छेडण्याच्या पत्तीच्या) घावातून आली आहे, त्यामागे कोणतेही यंत्र नाही.

दुसरे उदाहरण ‘द थ्रिल इज गॉन’. मूळ गाणे रॉय हॉकिन्स यांचे, १९५१ चे. किंग यांनी ते १९६९ मध्ये बी मायनरमध्ये, म्हणजे ‘बी’ हा षड्ज आणि गंधार कोमल धरून, केले. त्यावर तंतुवाद्यांचा ताफा चढवला गेला, आणि ब्लूजच्या गाण्याला त्या काळी क्वचितच मिळणारे यश त्याला मिळाले. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते १५ व्या क्रमांकापर्यंत गेले. इथे पायाच कोमल गंधाराचा असल्याने तो मधला, अधांतरी गंधार कमी, आणि म्हणून त्यातले दुःख हट्टी नाही, हरलेले वाटते. नवव्या आणि दहाव्या बारमध्ये नेहमीच्या पाचव्या-चौथ्या कॉर्डऐवजी जी मेजर सेव्हन आणि एफ शार्प सेव्हन येतात. त्या जी मेजर सेव्हनवर क्षणभर उजेड पडल्यासारखे होते आणि लगेच मावळते. हे गाणे बसवणाऱ्या मुलांना एकच सांगावेसे वाटते. इथे रिषभ, म्हणजे दुसऱ्या तारेचा १४ वा फ्रेट, अर्ध्या स्वराच्या वर नेऊ नका. बँडमध्ये डी (कोमल गंधार) वाजत असताना तुमचा डी शार्प (शुद्ध गंधार) सगळे विस्कटून टाकतो.

साधनांबद्दल थोडे, कारण चुकीच्या साधनावर हे होणारच नाही. आपल्याकडे बहुतेक जण अकूस्टिक गिटारीवर शिकतात. तिच्यावर १२ गेजचा (गेज म्हणजे तारेची जाडी) संच असतो आणि तिसरी तार वेटोळ्यांची. त्यावर पूर्ण स्वर ओढण्याच्या नादात बोटे सोलून निघतात आणि मुले समजतात की आपल्यात भावनाच कमी. इलेक्ट्रिक गिटार, ९ किंवा १० गेजचा संच, तिसरी तार साधी, १२ व्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात दीड ते दोन मिलिमीटर अंतर. एवढे झाले की हात मोकळा होतो. किंग यांच्या नावाचा संच १० पासून ५४ पर्यंतचा होता, म्हणजे वरच्या तारा मऊ आणि खालच्या जाड. बेंड सोडल्यावर तार मूळ सुरात परत येत नसेल तर दोष सहसा खुंटीचा नसतो, नटाच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेचा असतो. तार तिथे अडकते आणि ‘टिंग’ असा आवाज येतो. खाचेत मऊ पेन्सिलचे शिसे घासले की बहुतेक वेळा काम भागते. खुंटीवर दोन-तीनच वेढे असावेत, आणि नवी तार लावल्यावर हाताने ताणून, पुन्हा सुरात आणून, असे तीन-चारदा करावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तारा पटकन गंजतात, आणि गंजलेली तार फ्रेटवर खरखरत सरकते. तिच्यावर व्हायब्रेटो गुळगुळीत येत नाही.

अॅम्पवर डिस्टॉर्शन (आवाज फाटल्यासारखा करणारा परिणाम) अगदी थोडे. जास्त वाढवले की हलका आणि जोराचा घाव सारखाच ऐकू येतो, आणि वर सांगितलेली आवाजाची चढउतार नाहीशी होते. किंग यांची गिब्सन ईएस ३५५ अर्धपोकळ असल्याने मोठ्या आवाजात घोंगावायची, म्हणून ते तिच्या भोकांत कापड कोंबत. १९८० मध्ये कंपनीने त्यांच्या नावाचे मॉडेल काढले ते भोके बंद करूनच. त्यांचा आवडता अॅम्प होता लॅब सिरीज एल ५, ट्रान्झिस्टरवर चालणारा. व्हॉल्व्हचा अॅम्प नसेल तर ब्लूज वाजतच नाही, असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. हे सांगून मुलांना उगाच हजारोंच्या खर्चात पाडले जाते.

मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली ब्लूज महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी बडी गाय यांच्यासारखा दिग्गज तिथे वाजवून गेला. ऐकणारे आपल्याकडे आहेत, वाजवू पाहणारेही वाढत आहेत. पण क्लासमधून शिकवला जातो तो पेंटाटॉनिक या पाच स्वरांच्या रचनेचा आराखडा आणि तो किती वेगात वर-खाली फिरवता येतो ते. ब्लूजसाठी हा क्रम उलटा करावा, असे शिकवणाऱ्यांना कळकळीने सुचवावेसे वाटते. पहिला महिना एकच तार, एकच बेंड, सुरात. दुसरा महिना व्हायब्रेटो. मग बॉक्समधले पाच स्वर, आणि त्यांवर दोन बारची उत्तरे, पण आधी तोंडाने गाऊन. जे गाता येत नाही ते वाजवू नये, हा नियम घालावा. बारा बारचा बॅकिंग ट्रॅक (साथीचे तयार ध्वनिमुद्रण) लावून विद्यार्थ्याला पहिल्या दोन बारमध्ये तारेला हातच लावू देऊ नये. आराखडे आणि वेग त्यानंतर.

आणि आपल्या पुरवणीसाठी एक विनंती. पुढच्या वेळी अशा कलाकारावर लेख छापाल तेव्हा आगीची गोष्ट चार ओळींत आटोपा आणि एखाद्या गाण्यातली एक जागा मिनिट-सेकंदासह द्या. वाचक फोनवर ते गाणे लावून तिथपर्यंत जातील आणि तो गंधार कुठे थांबतो ते स्वतः ऐकतील.

आपला,
गिटारचा एक शिक्षक, पुणे